ओझं टाका, रिंगा बसतील

"घाबरायचं नाही. नव्या इंजनावर ओझं टाका, रिंगा बसतील," असं वैजनाथ बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर पाइपाने डिझेल ओढताना ते घशात जावं तसं त्याचं तोंड झालं. समोर दोन भाऊ उभे होते, पुण्यातल्या कुठल्याशा बांधकामवाल्याचे पोरगे. दोघांनी एकाच महिन्यात एकसारखी स्पोर्ट्स कार घेतलेली, थोरल्याची लाल, धाकट्याची पांढरी. कंपनीतून आल्या तशाच्या तशा, एक नटसुद्धा बदललेला नाही. वैजनाथ नोकरीला होता त्या वर्कशॉपात दोन्ही गाड्या आज डायनोवर चढल्या होत्या. डायनो म्हणजे गाडीच्या ताकदीचा काटा. जमिनीत पुरलेले दोन लोखंडी रूळ, त्यांच्यावर मागची चाकं, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडलेली, तोंडापुढे माणूस उडेल एवढा पंखा. पूर्ण रेस द्यायची. गाडी दोनशेच्या वेगाने जीव तोडून पळते आणि एक इंचही पुढे सरकत नाही. मग कागद बाहेर येतो. कागदावर दोन रेघा आल्या होत्या. पांढरीची वर, लालची खाली, मधे तेरा घोड्यांचा फरक. थोरला भाऊ लालबुंद झाला होता. म्हणत होता, मी तर हिला पोरीसारखं जपलं, रोज सकाळी अर्धा तास नुसती चालू करून ठेवायचो, साठच्या वर नेली नाही, आणि ह्या गाढवाने पहिल्याच दिवशी घाटात घातली. तेव्हा वैजनाथने त्याला समजावलं, की बाबा, जपलंस तिथेच घात झाला. सिलेंडरच्या आत बारीक रेघा मारलेल्या असतात, त्या म्हणजे कानस. ती कानस बोथट व्हायच्या आत पिस्टनवरची रिंग घासून बसली पाहिजे, आणि रिंग बसते ती ओझ्याखाली. उभ्या उभ्या चालू ठेवली की कानस गुळगुळीत होते, रिंग कायमची उपरी राहते, इंजन जन्मभर तेल पितं. थोरला ऐकतच राहिला. "सर, हे पुस्तकात नसतं. कुठे शिकलात?" वैजनाथ कागदाकडे बघत म्हणाला, "अनुभव."

अनुभव! कोणाचा रे, वैजनाथ उकंडराव? त्या दिवशी तो डबा न खाता घरी गेला. बायको पुनम म्हणाली, बरं नाही का, तर हो म्हणाला. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं, की गेली सहा-सात वर्षं पगार, बढती, 'सरांना इंजनाचा कान आहे' ही कीर्ती, सगळं ज्या चार वाक्यांवर उभं आहे त्यातलं एकही वाक्य त्याचं नाही. कानस त्याची नाही. उपरी रिंग त्याची नाही. 'ओझं टाका' तर नाहीच नाही. ते सगळं ग्यानोबाचं. कनेरगाव नाक्यावर लिंबाखाली चार पत्रे ठोकून बसणारा ग्यानोबा, शाळेत चौथी नापास, हैदराबादेत एका लष्करी ट्रकच्या कारखान्यात झाडू मारता मारता इंजन शिकून आलेला. त्याला कोणी शिकवलं नाही. त्याने बघितलं, आणि हाताने खातरजमा केली. बोअर करून, म्हणजे आतून कातून आणलेल्या सिलेंडरच्या आत बोटाचं नख फिरवायचा, डोळे मिटून, आणि म्हणायचा, "ऐकू आलं का? खर्र वाजतंय. हे वाजतंय तवर घाई करायची."

पंच्याण्णव साल. तेव्हा जिल्हासुद्धा परभणी होता, हिंगोली नुसती तालुक्याची. वैजनाथ डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातून सुट्टीला आलेला. अंगावर कॉलेजचा वास, खिशात पट्टी. बापाची जीप धूर ओकत होती म्हणून ग्यानोबाने इंजन खोललं, बोअर करून आणलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या, आणि चावी देताना म्हणाला, "मालक, आजच्या आज पंधरा पोती भरा आन् वाशिमला जाऊन या. चढावर दाबून चालवा. आठ दिवस आसंच. भ्यायचं न्हाई." बाप वैजनाथकडे बघायला लागला. पोरगं शिकायला घातलेलं, काय म्हणतंय बघू. आणि पोरगं म्हणालं, काही नको, ह्याला काय कळतं, जीपचं पुस्तक आहे ना. पुस्तक इंग्रजीत होतं. त्यात लिहिलं होतं की पहिले हजार मैल गाडी सावकाश वागवावी. वैजनाथने एवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. मग त्या जीपचे जे लाड झाले ते नव्या नवरीचेसुद्धा होत नाहीत. तीन दिवस अंगणात नुसती चालू करून ठेवली, आई गोजरबाईने बॉनेटवर हळदकुंकू लावलं, लिंबू बांधलं, आणि चौथ्या दिवशी तीसच्या वेगाने रिकामी जीप औंढ्याला नेऊन नागनाथाच्या पायऱ्यांसमोर उभी केली, तिथेही पूजा होईपर्यंत इंजन चालूच. बंद केलं तर अपशकुन होईल असं कोणीतरी म्हणालं होतं. दुसऱ्या महिन्यात जीप निळा धूर टाकायला लागली. आठवड्याला दोन लिटर तेल प्यायची. चुलतबहिणीच्या लग्नात वरातीपुढे ती जीप होती, आणि नवरदेव फेट्यातल्या फेट्यात खोकत होता. सगळा गाव हसला. उकंडरावाच्या जीपला गाव हसला, म्हणजे आता कोणाला तरी रडावं लागणार होतं.

नाक्यावर सोनाजीचं हॉटेल होतं, आहे. तिथे ग्यानोबाला बोलावलं. वीस-पंचवीस माणूस जमलं होतं. वैजनाथ ते पुस्तक घेऊन बाकावर उभा राहिला. हो, उभा राहिला, कारण बसून वाचलं तर मागच्यांना ऐकू जात नव्हतं. इंग्रजी ओळ आधी वाचायची, मग तिचं मराठी करायचं. लोक माना डोलवत होते. मराठी करता करता त्यानेच काढलेला निकाल त्याने सांगितला, की आम्ही सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, तरी इंजन गेलं, म्हणजे ह्याने नव्या रिंगा टाकल्याच नाहीत, नव्या विकल्या आणि जुन्याच घातल्या. हे वाक्य कुठून आलं? ते आधी डोक्यात नव्हतं. बोलता बोलता तयार झालं, गणितात शेवटची ओळ आपोआप येते तसं. ग्यानोबा म्हणाला, "खोलून बघा की मंग. आत्ता खोलतो, तुमच्या म्होरं." खोललं असतं तर रिंगा नव्याच निघाल्या असत्या. पण खोलायला कोणी तयार नव्हतं. चोरी सिद्ध करायला पुरावा लागतो, हे बाकीच्यांसाठी. काहींच्या बाबतीत आडनाव पुरतं. ग्यानोबाचं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं, घर कोणत्या बाजूला आहे ते ठाऊक होतं, घरात फोटो कोणाचा आहे तेही ठाऊक होतं. बापाने पायातलं काढलं. दोन मारले, एक खांद्यावर, एक तोंडावर, आणि जातीवरून जे तोंड सोडलं ते वैजनाथला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. नंतर बापाने पान्यांची पेटी उचलून जीपमध्ये टाकली. ग्यानोबा पेटीकडे बघत होता. बापाकडे नाही, वैजनाथकडेसुद्धा नाही. वैजनाथ बाकावरून खाली उतरला तेव्हा कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शिक्षणाचा फायदा हाय गड्या!"

इथवरही माणसाने स्वतःला माफ करावं. अठरा वर्षांचं पोरगं, अर्धवट शिकलेलं, चूक झाली. वैजनाथने असं बरेचदा करून बघितलं होतं, आणि ते जमलंही असतं, जर सत्त्याण्णवची दिवाळी नसती. दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना ते पुस्तक हाताला लागलं. सहज उघडलं. ती ओळ दिसली, खाली स्वतःच्याच पेन्सिलीची रेघ. त्याने पान उलटलं. उलटलेल्या पानावर पहिलीच ओळ होती, की मात्र ह्या काळात इंजन उभ्याने जास्त वेळ चालू ठेवू नये, आणि मधून मधून त्यावर जोर द्यावा, म्हणजे रिंगा नीट बसतात. एवढंच. एक पान. दोन वर्षांपूर्वी ते पान उलटलं असतं तर. अंगणात बाप नरकचतुर्दशीच्या आंघोळीला बंब पेटवत होता. वैजनाथ उठला, अंगणात गेला, आणि पुस्तक बंबात घातलं. बाप म्हणाला, "काय रे?" तो म्हणाला, "जुनं होतं." त्या पाण्याने सगळ्यांनी उटणं लावून आंघोळ केली. पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचं इंजन हिंगोलीत नवं करून आणलं, तेव्हा ड्रायव्हर थावरा भीत भीत विचारत होता, दादा, दोन दिवस नुसतं चालू ठेवू का? आणि वैजनाथ बांधावरून ओरडला होता, "घाबरू नको! नांगर लाव, ओझं टाक! रिंगा बसतील!" ट्रॅक्टर आठ वर्षं झाली, तेलाचा थेंब मागत नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी पहाटे, तो गाडी काढून निघाला. पुनमला सांगितलं आईला भेटून येतो. डायनोचा कागद चौघडी करून खिशात. वाटेत त्याने वाक्यं जुळवली. ग्यानोबाकाका, असं सुरू करायचं. आयुष्यात त्याला कधी काका म्हटलं नव्हतं, तीस वर्षांनी मोठा माणूस, पण ग्यानोबा, नाहीतर बापाच्या तोंडचं ग्यान्या. मग सत्त्याण्णव सांगायचं. पान, बंब, सगळं. सांगायचं म्हणजे सांगायचंच. जालन्यापर्यंत हे ठरलेलं होतं. जिंतूरच्या पुढे त्याला वाटायला लागलं, आधी नुसता कागद दाखवू. हिंगोली ओलांडली तेव्हा वाटलं, तो तिथे नसेल. मेलासुद्धा असेल. आणि ह्या विचाराने छाती हलकी झाली. ती हलकी झालेली त्याच्या लक्षात आली, आणि एवढी किळस आली की काच खाली करून तो बाहेर थुंकला.

ग्यानोबा होता. लिंब तोडला होता, रस्ता रुंद झाला होता, पण त्याच जागी एक टपरी, बाहेर टायर टांगलेला. पंक्चरचं दुकान. समोर रस्त्यापलीकडे सोनाजीचं हॉटेल, आता त्याला स्लॅब पडलेला. वैजनाथने गाडी टपरीपुढे उभी केली आणि इंजन चालूच ठेवलं. दोन मिनिटांचं काम, सांगायचं आणि निघायचं. ग्यानोबा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "कोनतं चाक?" मग मान वर केली. त्याची बायको पंचफुला टपरीच्या दाराशी तूर निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं नाही, पण हात थांबला.

"वैजनाथराव," ग्यानोबा म्हणाला. राव लावलं त्याने. "मोठे झालात. उकंडराव गेल्याचं कळलं व्हतं." मग कान देऊन ऐकलं. "गाडी बंद करा की. उभ्या उभ्या काहून चालू ठिवली?"

"लगेच निघायचंय," वैजनाथ म्हणाला. काका तोंडातून आलं नाही. त्याऐवजी हात खिशात गेला आणि कागद बाहेर आला. मग तो बोलत सुटला. दोन गाड्या, दोन भाऊ, वरची रेघ, खालची रेघ, तेरा घोडे. एक जपलेली, एक ओझ्याखाली चालवलेली. ग्यानोबाने ओले हात धोतराला पुसले, कागद घेतला, आणि इंग्रजी येत नसताना त्या दोन रेघांवरून नख फिरवलं. खालच्या रेघेवरून, मग वरच्या. "ही बसलेली," तो म्हणाला. "आन् ही उपरी."

"तुम्ही बरोबर होता," वैजनाथ म्हणाला. "रिंगा नव्याच होत्या. चूक माझी होती. मी चालू ठेवली तीन दिवस."

"त्ये मला ठावं हाय." ग्यानोबा अजून कागदाकडेच बघत होता. "मला एक सांगा. तुमाला कव्हा कळलं?"

हाच तो प्रश्न. चारशे किलोमीटर त्याचं उत्तर घोकत आलेला माणूस. पान, बंब, दिवाळी. ग्यानोबाचे डोळे आता त्याच्यावर होते, म्हातारे, थोडे पिवळे, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर सोपं होतं. त्यांत एक विनवणी होती, की बाबा, नीट उत्तर दे. आणि वैजनाथच्या तोंडून, बाकावर उभं असताना आलं होतं तसंच, न बोलावता, सफाईदार आलं, "काल. मशीनवर कळलं काल."

ग्यानोबा हसला. तोंडातले दोनच दात दिसले. अगदी मोकळ्या मनाने हसला. "कालच! ऐकलं का गं? कालच कळलं त्यान्ला. म्हंजे तव्हा ठावं नव्हतं. आगं, अकरा साल म्या ह्योच इचार करून राहिलो. पोराला ठावं आसंल का नसंल? नसंल तर काय, अडाणीपना. अडाण्याचा काय राग धरायचा, म्या बी अडाणीच. पण ठावं आसून बोलला आसंल तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, हात हवेत झटकला. "जाऊ द्या. कालच कळलं आन् आज आलात. एवढ्या लांबून! मानूस हाय, म्हनावं." मग त्याचा आवाज बदलला. "हितं नको. तिथं वाचा. सोनाजीच्या हाटेलात. जिथं वाचलं व्हतं तिथंच. म्या अकरा साल तिथं च्या पेलो न्हाई. थांबा, शर्ट घालून येतो." आणि वाकलेला म्हातारा पोरासारखा टपरीत पळाला.

बाहेर दोघं राहिली. गाडी गुरगुरत होती. पंचफुलाने तुरीतला एक खडा उचलला, टाकला. तिचा आवाज खालचा होता, नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतका, आणि वर मान केली नव्हती.

"अठ्ठ्यान्नवच्या उन्हाळ्यात म्या तुमच्या वावरात पऱ्हाट्या उपटायला व्हते. पेटी गेल्यावर कुठं तरी जावंच लागलं की. तुमचा टॅक्टर नवा व्हऊन आला त्या दिवशी."

वैजनाथला तिचा चेहरा आठवला नाही. त्या वावरात बाया होत्या, एवढंच आठवलं. ओळीने वाकलेल्या पाठी.

"तुमी बांधावरून वरडलात," ती म्हणाली. "त्यान्चेच शबूद. एक बी इकडंतिकडं न्हाई. म्या हुबीच राहिले, तर मुकादम मला वसकला."

"तुम्ही त्यांना..."

"न्हाई सांगलं. काय सांगू? घरी आले तर म्हनत व्हते, पोरगं अडाणी व्हतं गं, त्याला काय ठावं. तेवढ्यावर तर जेवत व्हते." तिने सूप एकदा पाखडलं. फोलपटं उडून रस्त्यावर गेली. "आठ वर्सं म्या गिळलं. आता तुमी आलात. तुमचं तुमी बघा."

ग्यानोबा बाहेर आला. पांढरा शर्ट, घडीची खूण पडलेला, जयंतीला घालायचा असावा. कागद त्याने दोन हातांत धरला होता. रस्ता ओलांडताना त्याने ट्रकवाल्याला हात केला, थांब. ट्रक थांबला. वैजनाथ त्याच्या मागून चालत होता आणि डोक्यात एक सोयीचं वाक्य आपोआप तयार होत होतं, की आता खरं सांगितलं तर म्हाताऱ्याच्या जिवावरच उठल्यासारखं होईल, त्याच्या भल्यासाठीच गप्प बसायला हवं. केवढं चांगलं वाक्य! कुठे धरायला जागा नाही. त्या वाक्याची त्याला ओळख पटली. 'जुनं होतं' ह्याचाच तो थोरला भाऊ.

हॉटेलात दहा-बारा माणसं होती. सोनाजी गल्ल्यावर, केस पांढरे झालेला. ग्यानोबा आत शिरला तसं बोलणं थांबलं. तो सरळ मधल्या बाकावर जाऊन बसला. "सोनाजी, दोन च्या. आन् समद्यांनी ऐका. उकंडरावाचे वैजनाथराव आलेत, पुन्याला मोठे सायेब हायेत, कागद वाचून दावनार हायेत. मह्या रिंगांचा कागद."

वैजनाथने वाचलं. इंग्रजी ओळ आधी, मग तिचं मराठी. ह्या वेळी तो बाकावर चढला नाही, पण आवाज तोच होता. तो आवाज त्याला ओळखू आला, शिकलेल्या पोराचा, पाठीवर थाप मागणारा. त्याने सांगितलं की ग्यानोबाने चोरी केली नव्हती, चूक आमची होती. कोणीतरी चुकचुकलं. एक म्हातारा म्हणाला, "म्या तव्हाच म्हनलं व्हतं," आणि दुसरा त्याला म्हणाला, "तू तव्हा सगळ्यांत म्होरं व्हतास की रे, भाड्या!" हसू झालं. ग्यानोबाही हसला, डोळे पुसत. सोनाजी गल्ल्यावरून उठून आला, त्याने वैजनाथच्या पाठीवर हात ठेवला. "दिल लागतं ह्याला. कोन येतं आजकाल? ठावं झाल्या झाल्या निघून आला मानूस." ती थाप. अगदी तिथेच, त्याच हाडावर.

"पर ह्ये कव्हाचं हाय?" मागून कोणीतरी विचारलं. "तारीख आसंल की कागदावर."

"हाय की," ग्यानोबा म्हणाला. "वाचा, वैजनाथराव. तारीख वाचा."

वैजनाथने दाराबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे पंचफुला उठली होती. सूप काखेत घेऊन ती त्याच्या गाडीपाशी गेली, उघड्या काचेतून तिने हात आत घातला, मिस्त्रीची बायको, तिला चावी शोधावी लागली नाही. इंजन बंद झालं. मागून ट्रक नव्हता, एसटी नव्हती. एकाएकी नाका इतका शांत झाला की कपबशी ठेवल्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असता. ती तिथेच उभी राहिली, गाडीला हात लावून, हॉटेलाकडे तोंड करून.

"नऊ डिसेंबर," वैजनाथने वाचलं, मोठ्याने, स्पष्ट. "दोन हजार सहा. काल."